कर्ज फिटत नाही हे कळल्यावर: गोव्यातल्या कर्जदारासाठी दिवाळखोरी, तडजोड आणि पुन्हा पहिल्यापासून

दिवाळखोरीचा अर्ज केला की देणेकरी (ज्यांचे पैसे आपण देणं लागतो ते) हात चोळत बसतील, अशी पुष्कळांची समजूत असते. अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या बातम्या वाचून ती झालेली असते. आपल्याकडे नोकरदाराला, टॅक्सीवाल्याला किंवा दुकानदाराला अशी एका अर्जात सुटका देणारी खिडकी आज उघडी नाही. नवी सुरुवात होते, पण ती पाच-सहा वेगवेगळ्या कायद्यांचे तुकडे जोडून. त्यात क्रम चुकला तर पैसे जातात आणि कर्जही तसंच राहतं.

आधी कायदा कुठे आहे ते पाहू. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठीच लिहिलेला आहे आणि त्यात ‘नवी सुरुवात’ याच अर्थाचं एक प्रकरणही आहे. पात्रतेच्या अटी अशा: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, माफीयोग्य कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही. म्हणजे महिन्याला पाच हजारांत भागवणारा, ज्याला मुळात कुठलीही बँक दारात उभी करत नाही, असा माणूस. एवढं करूनही हे प्रकरण सर्वसामान्य व्यक्तींसाठी लागू केलेलं नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तिसरा भाग सुरू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. हॉटेलच्या किंवा बार्जच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी संचालक म्हणून तुम्ही हमीपत्रावर सही केली असेल तर तुम्ही या गटात येता. तुमचं प्रकरण कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतं, तेव्हा पुढचं वाचण्याआधी त्यातला जाणकार वकील गाठा.

बाकीच्यांसाठी इंग्रजी अमलातले जुने कायदे उरतात: मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा, प्रांतांसाठी १९२० चा. त्या वाटेनं न्यायालयानं नादार (दिवाळखोर) ठरवलं की मालमत्ता रिसिव्हरच्या, म्हणजे न्यायालयानं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात जाते. फसवणुकीतून झालेलं देणं, सरकारी देणं आणि पोटगी मात्र मुक्तता मिळाल्यावरही अंगावर राहतात. नादारीतून मुक्त होईपर्यंत आमदारकी-खासदारकीची दारं घटनेनंच बंद आहेत. वेळही फार जातो. म्हणून या वाटेला लागण्याआधी खालचं सगळं करून पाहावं. बहुतेक घरांचा प्रश्न तिथेच सुटतो.

एका कागदावर सगळं

चारही पतमाहिती कंपन्या (ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क) वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. एकच काढून थांबू नका. एकीत न दिसणारं कर्ज दुसरीत सापडतं. अहवालात न येणाऱ्या गोष्टी हातानं लिहा: गावच्या पतसंस्थेचं कर्ज, हातउसने, भिशीचे थकलेले हप्ते, गहाण सोनं, बाजारातली उधारी. आणि सगळ्यात विसरली जाणारी नोंद म्हणजे तुम्ही दुसऱ्याला दिलेला जामीन. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मावसभावानं हप्ते थांबवले तर त्याचं कर्ज तुमच्या यादीत येतं.

प्रत्येक कर्जासमोर पाच गोष्टी हव्यात: मुद्दल किती उरलं, व्याजदर, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला भरला, तारण काय, जामीनदार कोण. शेवटच्या हप्त्याची तारीख पुढे मुदतीच्या हिशेबात फार महत्त्वाची ठरते.

म्हापशातलं एक काल्पनिक घर धरू. टॅक्सीचं आणि एका नोकरीचं मिळून महिन्याला ४२,००० येतात, घरखर्च २६,००० आहे. उरतात १६,०००. देणी: टॅक्सीचा हप्ता १३,५००, पतसंस्थेचा ६,८००, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ९,००० आणि मोबाइल ॲपवरच्या कर्जाचे ४,५००. एकूण ३३,८००. दरमहा १७,८०० ची भोकं आहेत, आणि ती आजवर नव्या कर्जानं बुजवली गेली.

यात कार्डाचा आकडा उलगडून पाहा. बाकी १,८०,०००, व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ६,३००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४. भरलेल्या ९,००० पैकी मुद्दलातून गेले अवघे १,५६६. किमान रक्कम भरून कार्ड ‘चालू’ ठेवणं म्हणजे गळक्या कळशीनं विहीर उपसणं.

या घरानं टॅक्सीचा हप्ता आधी भरावा, कारण गाडी गेली तर उत्पन्नच जातं. उरलेले २,५०० पतसंस्थेला, सोबत मुदत वाढवून मागणारं पत्र. पतसंस्था दुसरी का? तिथे शेजारी आणि सहकारी जामीन आहेत, आणि सहकार कायद्यानं पगारातून वसुली होऊ शकते. कार्डावरचा खर्च बंद, बाकी हप्त्यांत बदलून मागायची. ॲपचं कर्ज शेवटी. लोक नेमकं उलट करतात, कारण ॲपवाला सगळ्यात जास्त ओरडतो.

लग्न गोव्यात झालंय? मग हे आधी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नातेवाइकाचा सल्ला इथे चालत नाही, तो याच ठिकाणी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. लग्नाआधी नोंदवलेला विवाहपूर्व करार नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते: लग्नाआधीची, नंतरची, वारशानं आलेलीही, अर्धी-अर्धी. त्यामुळे ‘घर बायकोच्या नावावर आहे, हात लागणार नाही’ हे वाक्य गोव्यात अर्धवट खरं आहे. नाव कुणाचंही असलं तरी निम्मा वाटा तुमचाच. याची दुसरी बाजूही आहे. जोडीदाराच्या संमतीशिवाय स्थावर विकता किंवा गहाण टाकता येत नाही, म्हणून बँक दोघांच्या सह्या घेते. सही करताना ‘नुसती औपचारिकता आहे’ असं कुणी म्हणालं तर सही करू नका.

कर्ज कुणी काढलं याइतकंच ते कशासाठी वापरलं हेही इथे पाहिलं जातं. घर, मुलं, सामायिक धंदा यांसाठी गेलेला पैसा सामायिक मालमत्तेवर येतो. एकट्यानं, दुसऱ्याच्या संमतीविना, स्वतःच्याच कामासाठी काढलेलं कर्ज त्याच्या अर्ध्यापुरतं राहावं असा दावा करता येतो. हा दावा कागदांवर टिकतो. त्यामुळे कर्जाचा पैसा ज्या दिवशी खात्यात आला त्यानंतरच्या तीन महिन्यांचं खातेविवरण आजच बँकेतून काढून ठेवा. जुनी विवरणं नंतर मागावी लागली की शुल्क आणि हेलपाटे दोन्ही वाढतात.

जोडीदार मालमत्ता उधळत असेल तर लग्न न मोडता, न्यायालयाकडून फक्त मालमत्तेची विभागणी मागण्याची सोय संहितेत आहे. पण ती वादळाआधी छप्पर शिवण्यासारखी आहे. दावा दाखल झाल्यावर धावपळीनं केलेली विभागणी जुन्या देणेकऱ्यांना अडवत नाही.

तीच गत वडिलोपार्जित घराची. आईवडील गेल्यावर इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) झाली नसेल, तरी तुमचा वारशातला हिस्सा आहेच. कर्ज थकल्यावर तो भावाला बक्षीस देणं किंवा त्याच्या नावानं हक्क सोडणं याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ आडवं येतं. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर ते रद्द करून घेऊ शकतात. वर तडजोडीच्या टेबलावर तुमची पत जाते, ती वेगळीच. फॉर्म एक-चौदा (जमिनीचा उतारा) आणि उपनिबंधकांकडचा बोजा दाखला काढून आपलं नेमकं काय आहे ते पाहा. नावावर नसलेल्या जमिनीवर मुंडकार म्हणून राहत असाल, तर ती हकीकतही वकिलाला सांगा.

गळती थांबवणं

पगार ज्या बँकेत येतो तिथलंच कर्ज थकलं असेल तर बँक खात्यातली रक्कम परस्पर वळती करू शकते. घरखर्चाचं खातं दुसऱ्या बँकेत उघडा, पगार तिकडे वळवा. हे लपवणं नव्हे. कुणी विचारलं तर सांगायलाही हरकत नाही.

धनादेशाचा भाग जपून हाताळा. न वटलेल्या धनादेशाची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवतो, नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती १५ दिवसांची मुदत म्हणजे तुमच्या हातातली शेवटची स्वस्त संधी. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्यानं परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ तसंच लागतं. म्हणून हप्ता चुकणार हे दिसताच, तारखेआधी, बँकेला लेखी कळवा. आणि कोरे धनादेश कुणालाही देऊ नका. आधीच दिले असतील तर त्यांचे क्रमांक यादीत लिहा.

नव्वद दिवस

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या वहीत थकीत-अनुत्पादक कर्ज, होतं. त्याआधी ३० आणि ६० दिवसांचे दोन टप्पे असतात आणि बँकेच्या व्यवस्थापकाच्या हातात जास्त अधिकार असतात ते याच काळात. त्यामुळे पत्र पहिल्या चुकलेल्या हप्त्याच्या आठवड्यात जायला हवं, चौथ्या महिन्यात नव्हे.

पत्रात रडगाणं नको, आकडे हवेत. उत्पन्न का घटलं (पुरावा जोडून), महिन्याला किती भरता येईल, किती महिने. गोव्यात उत्पन्न हंगामी असतं, ते मांडा. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. शॅकचा धंदा ऑक्टोबर ते मे चालतो. १६ मार्च २०१८ रोजी खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-सांगे भागातल्या ट्रकवाल्यांचे बारमाही हप्ते एका महिन्यात हवेत लटकले. पावसाळ्यात फक्त व्याज आणि हंगामात मोठा हप्ता अशी मागणी करा. बँकेला ती समजते. पत्राच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

थकबाकीवरच्या दंडाकडेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानं बँकांना दंडाला व्याजाचं रूप देता येत नाही, दंड आकारता येतो पण त्यावर पुन्हा व्याज नाही. विवरणात तसं दिसलं तर लेखी आक्षेप घ्या. तडजोडीत हाच आकडा आधी खाली येतो.

घर तारण असेल तर

सरफेसी कायद्याची (बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) नोटीस आली की ६० दिवस मोजायला लागा. या काळात तुम्ही लेखी म्हणणं दिलं तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणणं देणं बहुतेकांना माहीत नसतं, आणि नंतर ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ ही तक्रार टिकत नाही. ताबा घेण्याची कारवाई झाल्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. गोव्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते, तो प्रवास आणि वकिलाचा खर्च हिशेबात धरा. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी बाकी असेल तरीही लागत नाही.

पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. घर वाचणारच नसेल तर स्वतः ग्राहक शोधा आणि बँकेच्या संमतीनं विका. लिलावात घराची किंमत पडते आणि उरलेलं देणं पुन्हा तुमच्याच माथी येतं. सोन्याचंही तेच: लिलावाच्या पत्राची वाट न पाहता सोडवून विकलेलं बरं.

तडजोड

हातात एकरकमी पैसा असल्याशिवाय तडजोडीचं बोलू नका. ‘जमवतो’ म्हणालात की समोरचा मुदत देतो, मुदत चुकली की देकार रद्द होतो आणि भरलेली रक्कम व्याजात जिरते. पैसा कुठून येणार ते आधी ठरवा: पडीक प्लॉट, विम्याची सोडरक्कम, भावाची मदत. भविष्य निर्वाह निधी शेवटपर्यंत राखून ठेवा. त्यावर तशीही जप्ती येत नाही. ती रक्कम काढून खात्यात आणणं म्हणजे कुंपणातलं मेंढरू स्वतःच बाहेर सोडणं.

तडजोडपत्रात हे असलं पाहिजे: कर्जखात्याचा क्रमांक, ठरलेली रक्कम, तारखा, ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द, दाखल खटले (धनादेशाचाही) मागे घेण्याचं वचन, धनादेश आणि मूळ कागद परत देण्याची मुदत, जामीनदार मुक्त झाल्याचा उल्लेख. पत्र बँकेच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सहीनं. वसुली एजंटाचा व्हॉट्सॲप संदेश म्हणजे पत्र नव्हे. पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटाच्या यूपीआयवर कधीही नाही. ‘सहा महिने हप्ते थांबवा, आम्ही तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो’ म्हणत आधी फी मागणारे सल्लागार टाळा. सहा महिन्यांत व्याज वाढतं, दावा दाखल होतो आणि सल्लागाराचा फोन लागत नाही.

तडजोडीची किंमत माहीत असू द्या. पतअहवालात ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलं) असा शेरा लागतो आणि तीच बँक किमान १२ महिने नवं कर्ज देत नाही. २०२३ च्या चौकटीत तसा नियम आहे, शेतीकर्ज त्यातून वगळलंय.

दावा न्यायालयात असो वा नसो, राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण घालता येतं. ती वर्षातून चार वेळा भरते. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच (दिवाणी न्यायालयाच्या अंतिम आदेशासारखाच), त्यावर अपील नाही, भरलेलं न्यायालय शुल्क परत. अपील नाही म्हणूनच झेपणार नाही असा हप्ता तिथे कबूल करू नका. हप्ता चुकला तर काय, हे कलम निवाड्यात आधीच वाचा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

हुकूमनामा झालाच तर

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचलेला माणूस रात्री झोपतो. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश सुरक्षित. ३१,००० पगारावर २१,००० तुमचे, जप्ती फार तर १०,००० ची. एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण २४ महिने झाली की पगार त्या हुकूमनाम्यातून कायमचा सुटतो. कपडे, भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, धर्माप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने, पेन्शन, ग्रॅच्युइटी, आयुर्विम्याची रक्कम यांना हात लागत नाही. पोटगीचा हुकूम असेल तर पगाराचा हिशेब वेगळा.

तुरुंगाची भीती घालणाऱ्याला हे सांगा: पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही, आणि पुरुषालाही ऐपत असून जाणूनबुजून टाळत असेल तरच. नुसती गरिबी हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच स्पष्ट केलं.

आता मुदतीचं. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, गहाणाचा बारा. पोर्तुगीज संहितेतली लांब मुदत कर्जांना लागत नाही, १९६३ चा मुदत कायदाच लागतो, हा निकालही २००१ मध्ये गोव्यातून गेलेल्या प्रकरणात लागला. पण मुदत संपण्याआधी ‘हजार रुपये तरी टाका’ या विनंतीला मान देऊन काही भरलंत किंवा बाकी कबूल करणारं सही केलेलं पत्र दिलंत, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. जुन्या कर्जावर काहीही सही करण्याआधी शेवटच्या हप्त्याची तारीख पाहा.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना, कामाच्या ठिकाणी बदनामी चालत नाही. कॉलच्या तारखा-वेळा लिहा, बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार फुकट आहे.

परदेशातली देणी असलेल्यांसाठी दोन ओळी. इंग्लंडात दिवाळखोरीतून साधारण वर्षभरात मुक्तता मिळते, पण गोव्यातल्या घराचा हिस्साही तिथे जाहीर करावा लागतो. दुबईचं कर्ज सोडून आलेल्यांनी लक्षात घ्यावं की २०२० पासून अमिरातीतल्या न्यायालयांचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतात.

देणं संपल्यावर

बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) घ्या. तारणाचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. वाहनाचा बोजा आरटीओत फॉर्म ३५ देऊन उतरवा. घराचा बोजा उपनिबंधकांकडे उतरला की नाही, हे नवा दाखला काढूनच तपासा. दोन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढा. चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ‘सेटल्ड’ची नोंद बोचत असेल तर पुढे कधी उरलेला फरक भरून ‘क्लोज्ड’ करून घेता येतं, पण घरात तीन महिन्यांचा खर्च साठल्याशिवाय त्या फंदात पडू नका.

नवी पत उभी करायला १५-२० हजारांची मुदत ठेव आणि तिच्यावरचं कार्ड पुरतं. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत खर्च, दर महिन्याला पूर्ण भरणा.

आणि जामीनदाराचा हिशेब. त्यानं तुमच्यासाठी भरलेले पैसे बँकेच्या दृष्टीनं मिटले, तरी करार कायद्याच्या कलम १४० प्रमाणे तो आता बँकेच्या जागी तुमचा देणेकरी आहे. त्याच्याशी साध्या कागदावर रक्कम आणि हप्ते लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा, आणि दर महिन्याला रोख न देता खात्यातून पाठवा.